अर्ज यंत्राने गाळला तर?

प्रश्न : मी मस्कतला, रुवीत राहतो. इथल्या ऑनलाइन अर्जांत फोटो आणि राष्ट्रीयत्व मागतात, छाननी सॉफ्टवेअर करतं. वंशावरून अर्ज गळत असतील तर दाद मागता येते का?

उत्तर : शंका अनाठायी नाही. सॉफ्टवेअर जुन्या भरतीवरून शिकतं; ‘हे काम अमुक देशाच्या माणसाचं’ ही आखातातली सवय त्यात मुकाट उतरते. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या प्रणालींच्या २०१८च्या अमेरिकी अभ्यासात गोऱ्या पुरुषांबाबत चूक ०.८ टक्के होती, सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

ओमान २००३मध्ये वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारात आला. नागरिकांना झुकतं माप देणं त्यात चालतं. परकीयांमध्ये वंशावरून डावंउजवं करणं नाही. पण करार दाखवून कंपनी हलत नाही, हे खरं. हाताशी आहे तो २०२२चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. वांशिक मूळ, बायोमेट्रिक माहिती वापरायला त्यात मंत्रालयाचा परवाना लागतो आणि आपल्या माहितीची प्रत मागता येते. ती लेखी मागा, परवान्याबद्दलही विचारा. नकाराचं कारण मात्र यंत्राकडून वदवून घेण्याचा स्वतंत्र हक्क या कायद्यात नाही.