लेझीम

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होय. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली. धाराशिव जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. म्हणून दरवर्षी या दिवशी तेथील शाळांतून ध्वजवंदन होते, आणि कित्येक ठिकाणी त्यामागोमाग हलगी कडाडते व मुलामुलींचे लेझीमपथक पटांगणात उतरते.

लेझीम हे साधन अगदी साधे आहे. हातभर लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या आणि मध्यभागी धरावयाची मूठ. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मूठ ओढावी व पुन्हा दांड्याकडे आणावी, की 'छन्' असा नाद उठतो.

मौज अशी की, मुळात हे नादाचे साधन नव्हतेच. लेझीम हा शब्द फारसीतून मराठीत आला. दोरीऐवजी जड लोखंडी साखळी लावलेल्या धनुष्याला हे नाव होते. दंडांत व खांद्यांत बळ यावे म्हणून ते धनुष्य ओढण्याचा सराव करीत. पुढे साखळी हलकी झाली, तीत चकत्या आल्या, आणि बळाच्या जोडीला ताल आला.

आजची लेझीम इतकी हलकी असते, की तिच्याने व्यायाम कसला होणार, असे पाहणाऱ्यास वाटावे. परंतु येथे उचलावयाचे असते ते स्वतःचे शरीर. 'हुशार' असा हुकूम होताच मुले सावध उभी राहतात. मग 'चार आवाज' सुरू होतात. पहिला आवाज कमरेतून वाकून पायांजवळ काढावयाचा आणि पुढील आवाज काढीत क्रमाक्रमाने कमरेपर्यंत व खांद्यापर्यंत वर यावयाचे. बैठकीच्या प्रकारात गुडघे वाकवून खाली बसावे व ताल न चुकविता पुन्हा उठावे लागते. मोरचालीत पावलांची कसोटी लागते. दहा मिनिटांत अंग घामाने भिजते, श्वास जलद होतो, छाती धडधडू लागते. तरीही थांबावेसे वाटत नाही, ही तालाची किमया! तालाने श्रम हलके होतात, हे जात्यावर ओवी गाणाऱ्या बायकांना आणि मोटेवर गाणाऱ्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पाश्चात्त्य देशांतही ही जाण पसरली. १९६८ साली अमेरिकेतील केनेथ कूपर या डॉक्टरांनी हृदय व फुप्फुसे बळकट करणाऱ्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. १९६९ मध्ये जॅकी सोरेन्सन या नर्तिकेने त्याला नृत्याची जोड दिली. कोलंबिया देशातील अल्बर्टो पेरेझ यांनी १९९० नंतरच्या दशकात 'झुंबा' हा प्रकार सुरू केला. आज आपल्याकडेही असे वर्ग चालतात. त्यांतही अंग घामेजते आणि मन उल्हसित होते. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती कोणत्या सुरावर करावी, याचे बंधन नाही.

तरी एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. त्या वर्गांत संगीत यंत्रातून येते. एखाद्याचा हात ढिला पडला तरी गाणे चालूच राहते. लेझमीत मात्र खेळणाराच वादक असतो. हात पुरता ताणला नाही तर नाद मंद येतो, बैठक उशिरा झाली तर नाद मागे राहतो. आळस येथे लपत नाही. तो सर्वांच्या कानी पडतो!

अलीकडे कित्येक मिरवणुकींत हलगीची जागा प्रचंड ध्वनिक्षेपकांनी घेतली आहे. त्या गडगडाटात साखळीचा नाद बुडून जातो. खेळणाऱ्यास स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजाऱ्याचाही नाही. मग हात नुसते हलू लागतात, बैठक अर्धीच होते, आणि बघता बघता व्यायाम नाहीसा होऊन हातातील लेझीम शोभेपुरती उरते. केवळ हौसेपायी एवढी गोष्ट गमवावी, हे खेदाचे आहे.

शाळेच्या पटांगणात अजून तो गडगडाट नाही. तेथे सराव घेणारे शिक्षक मधेच हात वर करून हलगी थांबवितात. हलगी थांबते, पण मुलांनी थांबावयाचे नसते. बैठक, उठणे, पाऊल, पुन्हा बैठक असा क्रम चालू राहतो आणि पन्नास साखळ्यांचा नाद तेवढा ऐकू येतो. तो एकदमच उठत असेल, तर पथक मिरवणुकीस तयार झाले. एखादी साखळी मागे रेंगाळली, तर शिक्षक हसून म्हणतात, "पुन्हा, पहिल्या आवाजापासून!"