आयसीयूच्या दाराबाहेरचा राम



आजचं वाचन वाल्मीकींच्या युद्धकांडातलं. लक्ष्मणाला रावणाची शक्ती लागते, तो प्रसंग. आपलं सगळं लक्ष हनुमंताच्या उड्डाणाकडे असतं. आज जरा त्याच्या अलीकडे थांबू या. लक्ष्मण निपचित पडलाय आणि राम रडतोय. हातातून धनुष्य गळतंय, आता युद्ध नको आणि राज्यही नको, म्हणतोय. साक्षात प्रभूंची ही अवस्था!

वैद्य सुषेण काय करतो? औषध मागवण्याआधी तो रामाशी बोलतो. भाऊ जिवंत आहे, आणि कशावरून, तेही सांगतो: चेहरा काळवंडलेला नाही, तळहात लालसर आहेत, हृदय चालू आहे. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणून तो मोकळा होत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना उभारताना गोंड आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतींची भीती वाटते. तुम्ही पांढरे कपडे घालता, आम्ही तर मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि नातेवाइकांना बाहेर काढता, मग पेशंट एकटा कसा राहील? म्हणून तिथे झोपड्यांचा दवाखाना झाला, पेशंटसोबत घरचे राहू लागले. नाव ठेवलं मां दंतेश्वरी दवाखाना, कारण बरं करणारी देवी तिथे हवीच होती.

पण आयसीयूत झोपडी नसते. जंतुसंसर्गाची भीती असते, भेटीची वेळ ठरलेली असते. भामरागडकडचं एखादं कुटुंब पेशंट घेऊन नागपूरला येतं, तेव्हा घरी माडिया बोलणाऱ्या आईला डॉक्टरांचं निम्मं बोलणं कळत नाही, आणि विचारायचा धीरही होत नाही.

इथे तुमची-माझी सेवा सुरू होते. डबा न्या, चार्जर न्या. ‘तुम्ही तासभर झोपा, मी बसतो,’ म्हणा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्या, त्यांची भाषा जाणणारं कुणी शोधा. गावाकडे फोन करायचं काम एकानेच घ्यावं, नाहीतर त्या आईला तीच कहाणी वीस वेळा सांगावी लागते. आणि प्लीज, ‘देवाची इच्छा’ हे आपण होऊन म्हणू नका. सुषेणानेही ते म्हटलेलं नाही.

उद्या पुढचा भाग: डोंगरावर पोचलेल्या हनुमंताला वनस्पती ओळखता येत नाही, तिथून.