मेंढी, कुत्रा आणि माणूस : हायडॅटिड गाठींचे निदान व उपचार

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठेमहांकाळ व जत हे तालुके कमी पावसाचे असून तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ मेंढपाळीवर चालतो. माडग्याळ ही प्रसिद्ध मेंढी जत तालुक्यातील त्याच नावाच्या गावची. कळपाबरोबर कुत्री असतातच. लांडग्यापासून राखण त्यांच्यावाचून होत नाही. मेंढी, कुत्रा व माणूस या तिघांच्या अशा सहवासात हायडॅटिड हा रोग टिकून राहतो.

या रोगाचे मूळ एक अगदी लहान पट्टकृमी होय. त्याची लांबी सुमारे ३ ते ६ मिलिमीटर असते व तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. असे हजारो कृमी पोटात असूनही कुत्रे धडधाकट दिसते. कृमीची अंडी विष्ठेतून गवतावर, पाणवठ्यावर, भाजीपाल्यावर व कुत्र्याच्या केसांवर पसरतात. ओलाव्यात ती कित्येक महिने जगतात; कडक ऊन मात्र त्यांना मानवत नाही. चरताना ती मेंढी, शेळी, गाय वा म्हैस यांच्या पोटात गेली म्हणजे काळजात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढू लागतात. अशी गाठ कुत्र्याने खाल्ली की सहा-सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात अंडी देणारे कृमी पुन्हा तयार होतात.

जिवंत मेंढीत हा रोग ओळखण्याचे सोपे साधन नाही आणि तिच्या गाठींवर परवडणारा उपचारही नाही. मेंढी बहुधा शेवटपर्यंत चरत असते. निदान होते ते कापल्यावर. म्हणून जत्रेत वा घरच्या कार्यात बकरे कापणारा मनुष्य हाच या रोगाचा पहिला परीक्षक समजावा. काळजावर वा फुप्फुसावर पांढरट, जाड आवरणाची व पाण्याने ताणलेली गाठ दिसल्यास ती न फोडता तो अवयव वेगळा काढावा. नेमके येथेच बिघडते. खराब म्हणून टाकलेला तुकडा कुत्र्याच्या पुढ्यात जातो! तो अर्धा तास उकळावा, जाळावा, किंवा कुत्र्यास उकरता येणार नाही इतका खोल पुरून वर दगड ठेवावेत.

गाठ असलेले मांस खाल्ल्याने माणसास हा रोग होतो, ही समजूत खरी नव्हे. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी हातांवाटे वा अन्नपाण्यातून पोटात गेल्याने. माणसापासून माणसास तो लागत नाही. कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, हे त्याकरिताच. गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा व दुखणे, किंवा फुप्फुसात असल्यास खोकला व छातीत कळ सुरू होते. पोटाची सोनोग्राफी व छातीचा एक्स-रे यांनी गाठ दिसते. रक्ततपासणी जोडीस असते. आपण मेंढ्या व कुत्री बाळगतो, हे रोग्याने डॉक्टरांस आपणहून सांगावे. रोगाची शंका न घेता गाठीत सुई घातली व आतील पाणी पोटात सांडले, तर अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्याने प्राणावर बेतू शकते आणि नव्या गाठीही रुजतात.

उपचार गाठीच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. प्रौढ रोग्यास बहुधा अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, स्निग्ध जेवणाबरोबर, काही महिने देतात व मधूनमधून रक्त तपासतात. जंतावरील एका गोळीने गाठ जात नाही. गर्भवतीने हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. काही गाठींतील पाणी सोनोग्राफीच्या साहाय्याने काढतात, काहींवर शस्त्रक्रिया करतात, तर निर्जीव झालेल्या गाठींवर केवळ नजर ठेवतात.

आइसलँड बेटावर हा रोग फार माजला होता. क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तेथे जाऊन अभ्यास केला व १८६४ मध्ये त्याची पुस्तिका घरोघर फुकट वाटण्यात आली. कुत्र्यांस गाठी न घालणे व त्यांस जंताचे औषध देणे या उपायांनी रोग तेथून पुढे नाहीसा झाला.

आपल्याकडे कुत्र्यास प्राझिक्वांटेल दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यास ७५ मिलिग्रॅम, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. दर सहा आठवड्यांनी देणे उत्तम. पण दिवाळीनंतर कळप कोकणाकडे वा अन्यत्र उतरला की ते जमणे कठीण. तेव्हा निदान तीन महिन्यांनी एकदा तरी द्यावे व निघण्यापूर्वीचा डोस चुकवू नये. हे औषध कृमी मारते, अंडी मारत नाही. म्हणून त्यानंतर दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवून त्याची विष्ठा जाळावी.