आधी परवाना की आधी पाडापाडी?

प्रश्न : दारव्ह्यात आमचं वडिलोपार्जित कापडाचं दुकान आहे. मागे राहत्या दोन खोल्या, वर कवेलू. कापडाचा धंदा आता चालत नाही, म्हणून मी आणि सौ. तिथे साधं भोजनालय काढणार आहोत. ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, ठेचा. मिस्त्री म्हणतो, मधली भिंत आधी पाडू, परवाने काय नंतर होतात. मेहुणे म्हणतात, पंधरा परवाने लागतात, एजंट धर. जागा आमची, चूल आमची, मग इतके कागद कशाला? आणि सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : मिस्त्रीला थोडं थांबवा आणि मेहुण्यांच्या आकड्याने घाबरू नका. दारू न विकणाऱ्या, पंधरा-वीस खुर्च्यांच्या भोजनालयाला लागणारे कागद मोजकेच आहेत आणि त्यांतले बरेचसे तुम्ही स्वतः भरू शकता. फीमध्ये फार पैसा जात नाही. पैसा जातो तो बसवलेली फरशी पुन्हा उखडण्यात.

कागद कशाला, हे विचारलंत ते बरं केलंत. घरी जेवणाऱ्याला रांधणारा माहीत असतो. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही, तरी तुमच्या हातचं पाणी पितो. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा त्या अनोळखी माणसासाठी आहे.

आता भिंत. रंग, गिलावा, फरशी बदलणं अशा आतल्या दुरुस्त्यांना बांधकाम परवानगी लागत नाही. पण राहत्या खोलीचं स्वयंपाकघर करून धंद्यात घेणं हा वापरातला बदल आहे. त्यासाठी नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत नगर परिषदेकडे प्रस्ताव द्यावा लागतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि इंजिनिअर ती उघडूनच काम करेल. त्याच भेटीत त्याला मधली भिंत दाखवा. जुन्या घरांत कवेलूचा आणि सागवानी आड्याचा भार बहुतेक वेळा अशाच जाड मधल्या भिंतीवर असतो. मिस्त्रीचा अनुभव मोठा असला तरी हा निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

त्याआधी आखीव पत्रिका काढून बघा. वडिलोपार्जित जागेवर अजून आजोबांचं नाव असतं, भाऊ-बहिणींची संमती राहिलेली असते, आणि अर्ज तिथेच अडकतो. पुढेमागे शेजारचा गाळा भाड्याने घेतलात, तर करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदत कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची आहे.

नकाशा हाती आला की स्वयंपाकघराचं काम पाण्यापासून सुरू करा. नळ कुठे येणार, सांडपाणी कुठून जाणार, फरशीचा उतार कोणत्या बाजूला, हे आधी ठरवा. अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमावलीत परिशिष्ट 4 आहे. सगळा नकाशा त्यावर बेतता येतो. भिंती आणि फरशी गुळगुळीत, धुता येणारी हवी. छतातून काही गळू-झडू नये. तुमच्या कवेलूंतून माती आणि कोळ्याची जाळी पडणार, म्हणून स्वयंपाकघरावर आतून पक्कं छत घ्या, आणि भट्टीच्या वर लाकूड उघडं ठेवू नका. खिडक्यांना जाळी लावा. हात धुण्याचं बेसिन भांडी घासण्याच्या मोरीपासून वेगळं हवं. संडासाचं दार स्वयंपाकघरात उघडता कामा नये. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचा. ओटा कडप्प्याचा केलात तर सांधे नीट भरून घ्या, तिथेच पीठ साचतं आणि झुरळं होतात.

पाण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या जिल्ह्यात तो प्रश्न खरा आहे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला, तेव्हा यवतमाळ शहराचे पाण्यावाचून झालेले हाल आपण पाहिले आहेत. टंचाई आली की भोजनालयं बोअरवर येतात. पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं म्हटलं आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. साध्या कँडल फिल्टरनेही ते निघत नाही, आरओने निघतं. दारव्ह्याचं तुमचं बोअर चांगलं असेलही, पण चवीवरून ते कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. टाकीची जागाही उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

अन्न नोंदणी ऑनलाइन, फॉसकॉस पोर्टलवर होते. 2011 च्या नियमावलीने वार्षिक 12 लाखांच्या उलाढालीवर रेषा आखली. तिच्या आत नोंदणी, वर्षाला 100 रुपये. तिच्या पलीकडे राज्य परवाना, भोजनालयाला वर्षाला 2,000 रुपये. अर्ज भरताना पोर्टलवर दिसणारी मर्यादा आणि फीच अंतिम धरा. मात्र हिशेब प्रामाणिक करा. 12 लाख म्हणजे महिन्याला एक लाख, आणि शंभराची थाळी धरली तर रोज जेमतेम 33 ताटं. बसस्टँडजवळ असाल तर हा आकडा दुपारीच ओलांडाल.

नोंदणीच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा, एजंट तो सांगत नाहीत. अर्ज दिल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा पाहणीचा आदेश काढायचा. सात दिवसांत यांतलं काहीच झालं नाही, किंवा पाहणी होऊनही 30 दिवसांत निर्णय आला नाही, तर 2011 च्या नियमांनुसार तुम्ही धंदा सुरू करू शकता. अर्जाची पावती तेवढी जवळ हवी. मिळालेला 14 अंकी क्रमांक दर्शनी भागात लावा आणि बिलावर छापा. बिलावरचा क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे.

बाकीचं थोडक्यात. मागच्या खोल्यांचा घरगुती मीटर व्यापारी करून घ्या. घरगुती मीटरवर भोजनालयाचा फ्रीझर चालवला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. गॅस 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच. 100 किलोपर्यंत साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे भरलेले पाच चालतात, सहावा नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखाली तुमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या धंद्याला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घेतली की झालं. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी. अग्निशामक नळकांडं भट्टीशेजारी न लावता दाराजवळ लावा, कारण आग लागल्यावर भट्टीपर्यंत जाता येत नाही.

एजंट नकोच असं मी म्हणणार नाही. संगणकाची सवय नसेल तर सेतू केंद्रातून अर्ज भरून घ्या, पण लॉगिन, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड स्वतःचेच ठेवा. दुसऱ्याच्या क्रमांकावर काढलेली नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी सापडत नाही, आणि मुदत संपलेली कळतसुद्धा नाही.

कामाला माणसं ठेवाल त्यांची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि ती दर वर्षी करा. टायफॉइडची लसही द्या. आणि कप-बशा उचलायला शेजारचं पोर घेऊ नका. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेलं आणि धाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. ते शाळेतच गेलं पाहिजे.

म्हणून क्रम असा धरा : आखीव पत्रिका, इंजिनिअरचा नकाशा, पाण्याची तपासणी, अन्न नोंदणीचा अर्ज, आणि मग मिस्त्री. उद्घाटनाची तारीख मात्र 14 अंकी क्रमांक हाती आल्यावरच पाहुण्यांना कळवा.