संकटाची हाक : वायरलेसमधला टोन आणि तांबडे बटण

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आले. वीज गेली, मोबाईल मुके झाले. अशा वेळी ज्याला टॉवर लागत नाही असे यंत्र म्हणजे वायरलेस सेट. एका सेटातून निघालेल्या लहरी थेट दुसऱ्या सेटात जातात. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. दोघांनी एकदम दाबले की कोणाचेच धड कळत नाही.

आता टोनची गंमत सांगतो. एकाच चॅनलवर पुष्कळ लोक बोलू लागले की नुसता कलकलाट होतो. म्हणून बोलण्याच्या खाली एक बारीक घुमणारा सूर जोडतात. तो ६७ ते सुमारे २५४ हर्ट्झ, म्हणजे खर्जातला असतो, आणि सेट तो गाळून टाकतो म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. ज्या सेटात टोन लावला आहे तो त्याच सुराची हाक आत घेतो, बाकीच्यांना दार बंद! पुष्कळांना वाटते की टोन लावला म्हणजे आपले बोलणे गुप्त झाले. तसे मुळीच नाही. बिनटोनचा सेट सगळे ऐकतो. उलट धोका असा, की शेजारच्या होडीवाल्याने टोनाशिवाय ओरडून मदत मागितली तरी आपला सेट गप्पच राहील. त्यासाठी मॉनिटरचे बटण असते. ते दाबले की दार उघडते.

समुद्रावर संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनलवर मारतात. जगभर हाच नंबर, १५६.८ मेगाहर्ट्झ. तिथे टोन लावायचा नाही, कारण हाक सर्वांना ऐकू जायला हवी. प्रथम तीनदा ‘मेडे’ म्हणायचे. हा शब्द ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दांवरून १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर निघाला. मग होडीचे नाव तीनदा, मग ठिकाण, काय झाले, माणसे किती. समजा, ‘मेडे, मेडे, मेडे. होडी सावित्री, सावित्री, सावित्री. हरिहरेश्वरच्या पश्चिमेला चार मैल. पाणी शिरले आहे. सहा माणसे.’ ठिकाण आधी सांगण्यात शहाणपण आहे. बॅटरी मध्येच संपली तरी शोधणाऱ्यांना दिशा तरी कळते.

मोठ्या होडीवरच्या नव्या सेटाला झाकणाखाली तांबडे बटण असते. झाकण उचलून ते सुमारे पाच सेकंद दाबून धरायचे. मग ७० नंबरच्या चॅनलवरून होडीचा नऊ आकडी नंबर आपोआप जातो. आपल्या देशाचे नंबर ४१९ ने सुरू होतात. सेटाला जी.पी.एस. जोडलेले असेल तर जागाही जाते. उत्तर येईपर्यंत सुमारे चार-चार मिनिटांनी सेट पुन्हा हाक देतो. तरी तांडेलाने १६ वर तोंडानेही सांगायचेच.

पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. हातातला सेट होडीत बसून धरला तर त्या थोडेच मैल पोहोचतात, उंच काठीवरच्या एरियलने लांब जातात. बाणकोटच्या डोंगराआडची होडी ऐकू येईलच असे नाही.

किनाऱ्यावरून कोणी बुडताना दिसले आणि फोन चालू असेल, तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. बटण चुकून दाबले गेले तर सेट बंद करून गप्प बसू नये. १६ वर ‘हाक रद्द’ असे सांगावे, नाहीतर बचावाची बोट उगाच समुद्रात निघते.