त्रिमितीत जोडाक्षरं का मोडतात?

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी ब्लेंडर या त्रिमितीच्या प्रोग्रॅममध्ये उठावाच्या अक्षरांची पाटी करतोय. युनिकोड फॉन्ट लावला. ‘नंदुरबार’ नीट आलं, पण ‘हुतात्मा शिरीषकुमार’ लिहिल्यावर ‘त्मा’मधल्या त चा पाय मोडलेला दिसतो आणि ‘शि’ची वेलांटी श सोडून ‘री’ला चिकटते. फॉन्ट खराब आहे का?
– एक शिक्षक, नंदुरबार

उत्तर : फॉन्ट बदलण्यात वेळ घालवू नका, दोष त्याचा नाही. युनिकोडमध्ये ‘शि’ साठवताना आधी श आणि मग वेलांटी असते. ‘त्म’ म्हणजे त, हलन्त, म. वेलांटी उचलून श च्या अलीकडे ठेवणं, त अर्धा करून म ला जोडणं, हे काम पडद्यावर दिसण्याच्या क्षणी व्हावं लागतं. पूर्वी छापखान्यात हे कंपोझिटर करायचा. आज ते हार्फबझसारखं सॉफ्टवेअर करतं. फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस त्याच्याच जोरावर मराठी नीट दाखवतात. ब्लेंडरच्या बऱ्याच आवृत्त्यांतली अक्षरवस्तू मात्र साठवलेल्या क्रमाने एकेक आकार मांडत जाते. ‘नंदुरबार’मध्ये ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व वेलांटी, म्हणून ते निभावलं.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये हीच नावं बहुधा बरोबर येतील, कारण तिथे अर्धा त आणि वेलांटी हे सुटे आकार दिसतील त्या क्रमानेच टाइप होतात. पण तो मजकूर नंतर शोधता येत नाही, फॉन्ट बदलला की त्याचा अर्थही जातो. तो रस्ता मी सुचवणार नाही.

त्यापेक्षा अक्षरजुळणी करणारा इंकस्केप हा रेखाटनाचा प्रोग्रॅम घ्या. तोही फुकट आहे. त्यात नाव लिहा आणि श कडे नीट बघा. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयानुसार मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल अपेक्षित आहे. काही फॉन्टमध्ये ही वळणं असतात, पण भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. 9 सप्टेंबर 1942 ला गोळ्या झेललेल्या शिरीषकुमार या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव त्याच्याच गावच्या शाळेत आपल्या वळणाने लिहिलं जावं, एवढा आग्रह धरायलाच हवा.

मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांच्या बाह्यरेषा काढा, अनग्रुप करा आणि ‘युनियन’ द्या. युनियन विसरू नका. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा फॉन्टमध्ये मुद्दाम एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कागदावर ते कळत नाही, पण उठाव दिला की सांध्यांवर रेघा किंवा भोकं उमटू शकतात. फाइल एसव्हीजी म्हणून साठवून ब्लेंडरमध्ये आणा. ती फार लहान येते, तेव्हा आधी मोठी करा, मग ‘एक्स्ट्रूड’ने जाडी द्या.

खरा उपाय म्हणजे त्रिमितीच्या प्रोग्रॅममध्येच अक्षरजुळणी आणि भाषेची निवड येणं. हार्फबझ मुक्त परवान्याचं आहे, त्यामुळे अडचण पैशाची नाही; मागणी मात्र आपल्यासारख्यांकडूनच जायला हवी. ब्लेंडरच्या विकासकांना कळवताना ‘मराठी चालत नाही’ एवढंच लिहू नका. तुमचे हे दोन शब्द, फॉन्टचं नाव आणि कसं दिसायला हवं त्याचं चित्र जोडा.

आणि पाटी थ्रीडी प्रिंटरवर काढणार असाल तर शिरोरेषेमुळे प्रत्येक शब्द एकसंध निघेल, पण ‘नंदुरबार’वरचा अनुस्वार सुटाच राहील. त्यासाठी मागे पातळ पट्टी द्या.