छाटलेला पाला कुठे टाकायचा? – विषारी झाडं आणि आपली पाळीव जनावरं



आजचा पाठ परिसर अभ्यासाचा आहे, पण तो पुस्तकातून सुचलेला नाही. आमची शाळा कळमन्यात. आजूबाजूच्या वस्तीत घरोघरी बकऱ्या, कोंबड्या, एखादी गाय, दारात कुत्रं. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाची कण्हेर फार वाढली, म्हणून छाटून घेतली. फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर टाकला. तीन दिवसांनी पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची बकरी मेली. शाळेसमोरचा पाला खाल्ला होता तिनं."

फांद्या बाहेर टाकायला मीच सांगितलं होतं.

मुलांनी लगेच विचारलं, "मॅडम, कण्हेर तर तिथं कितीतरी वर्षांपासून आहे. मग बकरी आत्ताच कशी मेली?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्या उत्तरातच हा सगळा पाठ आहे.

उभं झाड आणि तोडलेली फांदी

कण्हेरीचं ताजं पान कडू असतं, म्हणून जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात त्याचं एक कारण हेच. पण फांदी तोडली, पानं कोमेजली, इतर चाऱ्यात मिसळली की जनावर ती खाऊन टाकतं. पान वाळलं तरी विष कमी होत नाही. हे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. मोठ्या गाईलासुद्धा १०-२० पानं जीवघेणी ठरू शकतात, मग बकरीचं काय! पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही तशीच. तिच्या बिया तर लहान मुलांनाही धोक्याच्या.

म्हणजे धोका बहुतेक वेळा झाड जागच्या जागी उभं असताना होत नाही. झाडाचा भाग जागेवरून हलला की होतो. ही एक गोष्ट मुलांच्या लक्षात राहिली तरी पाठ सफल झाला असं समजा. आता हीच गोष्ट घरात कुठे कुठे लागू पडते ते पाहू.

१) निर्माल्य : गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये रुई, धोतरा आणि कण्हेर असते. महादेवाला धोतरा वाहतो, मारुतीला रुईची माळ घालतो. पूजा झाल्यावर "गाईला घाला, वाया जायला नको" असं म्हणून तेच निर्माल्य गाईपुढे जातं. भावना चांगली आहे, पण ही पत्री वेगळी काढून मातीत पुरा. दूर्वा, बेल घालायला हरकत नाही.

२) फुलदाणी : मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आणू नका. दोन-तीन पानं चावली, अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. आधी उलट्या होतात, मग मांजर बरं झाल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत हातचं जातं. आपला निशिगंध ही लिली नव्हे, बरं का!

३) कुंडीतलं खत : नर्सरीत एरंडीची पेंड खत म्हणून मिळते. तिच्या वासाने कुत्री ओढली जातात आणि कुंडी उकरून ती खातात. एरंडाच्या बीमधलं विष पेंडीतही उरू शकतं. पोती उघडी ठेवू नका.

४) शोभेची झाडं : मनी प्लांट आणि डिफेनबाकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडात टोचतात, लाळ गळते, जीभ सुजते. त्रास होतो, पण जीव सहसा जात नाही. सागो पामचं तसं नाही. त्याच्या बिया कुत्र्याचं यकृत निकामी करतात. म्हणून 'विषारी' या एकाच शब्दात सगळी झाडं कोंबू नका, कमी-जास्त धोका मुलांना समजावून सांगा.

५) घाणेरी : एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आपल्या देशात आणलेलं हे झुडूप आता माळरानभर पसरलं आहे. उन्हाळ्यात चारा संपला की भुकेली गुरं ते खातात. यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते.

जनावरानं खाल्लंच तर?

– तोंडातला उरलेला पाला काढा. किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते लिहून ठेवा.
– त्या झाडाची फांदी किंवा फोटो डॉक्टरांना दाखवा.
– मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जबरदस्तीनं तेल, तूप, दूध पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं.
– "संध्याकाळपर्यंत बघू" असं म्हणू नका. गुराढोरांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. आपल्या नागपुरात तर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सेमिनरी हिल्सला.

वर्गात करून पाहा

मुलांना घराभोवतीच्या दहा झाडांची यादी करायला सांगा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने : घरात काय म्हणतात, कोणतं जनावर तिथं पोहोचतं, तोडलेला पाला कुठे जातो. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. आमच्या वर्गात तो भरताना बऱ्याच मुलांनी "माहीत नाही" लिहिलं आणि घरी जाऊन आईला, आजीला विचारून आली.

झाडं उपटून टाका असं मी म्हणत नाही. कण्हेर उन्हाळाभर फुलते, सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध होतं, पण तीही जनावरानं खाण्याची नाही. जनावर आहे तिथं मोगरा, तुळस, अरेका पाम, स्पायडर प्लांट निर्धास्त लावा.

आमच्या कुंपणावर आता पाटी आहे. अक्षर त्याच मुलीचं : "कण्हेर. पाला बाहेर टाकू नये." छाटणी झाली की शाळेमागच्या खड्ड्यात पाला पुरतो आणि वर माती टाकेपर्यंत मी तिथं उभी राहते.

तुमच्या शाळेचा पाला कुठे जातो, एकदा पाहून या.